मुरगावहून सुटलेले जहाज आणि १८६१ सालचे कलम

भारतात सागरी कायदा शिकायला बसलेल्याला ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे नाव फार लवकर भेटते. निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, २६ फेब्रुवारी १९९२ चा. परीक्षेच्या टिपणांत तो दोन ओळींत उरकतात: उच्च न्यायालयांना परदेशी जहाज अटकवण्याचा अंगभूत अधिकार आहे, आणि इंग्रजी अमदानीतल्या कायद्यांची चौकट त्यांना बांधत नाही. हे बरोबरच आहे. पण कागद नीट उलगडून पाहिले तर मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि या टिपणाचा भर तिच्यावर आहे. एका कायद्याने भारतीय निर्यातदाराला जहाजमालकाविरुद्ध हक्क दिले होते. दुसऱ्या कायद्यामुळे ते बजावण्याचा दरवाजा बंद असल्याचे मानले जात होते. हे दोन कायदे ६७ वर्षे शेजारी-शेजारी नांदले. ते एकत्र वाचणे हे कोणाचेच ठरलेले काम नव्हते.

काय घडले

८ फेब्रुवारी १९८४ रोजी एलिझाबेथ हे परदेशी मालकीचे जहाज गोव्यातल्या मुरगाव बंदरातून सुटले. पोटात हरवान इन्व्हेस्टमेंट अँड ट्रेडिंग या कंपनीचा निर्यातीचा माल. कंपनी खासगी, नोंदणीकृत कार्यालय गोव्यातच. कंपनीची तक्रार अशी की माल चढवून घेतल्यावर जहाजाने बिल ऑफ लेडिंग किंवा तिला हवे असलेले इतर कागद न देताच नांगर उचलला. पुढे ठरलेली किंमत खरेदीदाराने चुकती केली नाही, म्हणून माल त्याच्या ताब्यात देऊ नका असे कंपनीने कळवले. तरीही जहाज मुक्कामाला पोचल्यावर माल त्यालाच देऊन टाकण्यात आला.

बिल ऑफ लेडिंग म्हणजे नुसती पावती नव्हे. माल चढल्याची पोच, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालावरच्या हक्काचा कागद ही तीनही कामे तो एकच दस्त करतो. निर्यातदार तो बँकेमार्फत पाठवतो, खरेदीदार पैसे भरून सोडवून घेतो आणि तो दाखवून बंदरावर माल उचलतो. हजारो मैलांवरच्या, कधी न भेटलेल्या माणसाला माल विकण्याचा सगळा धंदा या साखळीवर उभा आहे. मालही गेला आणि बिलही हाती नाही, अशा निर्यातदाराकडे मग फोन, तारा आणि विनवण्या एवढेच उरते. हरवानची गत तीच झाली.

मग कोर्टात जायचे, पण कोणावर आणि कुठे? मालक परदेशी. भारतात त्याचे घर नाही, पेढी नाही, दुकान नाही. साधा दिवाणी दावा गोव्यात लावता आला असता, कारण व्यवहाराचा एक धागा तिथेच होता. मुंबई उच्च न्यायालयाचा अंमल १९८२ च्या ऑक्टोबरअखेर गोव्यापर्यंत पोचला होता, म्हणजे पणजीत खंडपीठही होते. पण समन्स परदेशात बजावायचे, एकतर्फी हुकूमनामा मिळवायचा आणि मग तो घेऊन परक्या देशात वसुलीला जायचे, यात रकमेपेक्षा खर्चच मोठा होण्याची भीती.

जगभरच्या बंदरांवर यावर एक जुना तोडगा आहे. मालक सापडत नाही ना, मग जहाजालाच प्रतिवादी करा. जहाज ज्या न्यायालयाच्या पाण्यात सापडेल तिथे जहाजाविरुद्ध दावा दाखल करायचा, दुसरी बाजू ऐकण्यापूर्वीच अटकेचा हुकूम मिळवायचा. वॉरंट जहाजावर चिकटवले जाते, बंदराला आणि कस्टम्सला कळवले जाते, आणि निघण्याची परवानगी थांबते. उभ्या जहाजाचा खर्च रोज वाढत राहतो, म्हणून कालपर्यंत पत्राला उत्तर न देणारा मालक वकील पाठवतो, बँक गॅरंटी भरतो आणि जहाज सोडवून नेतो. त्या क्षणापासून तो स्वतः दाव्यात आलेला असतो आणि वसुलीची रक्कम न्यायालयाच्या हाताशी असते.

एलिझाबेथ परदेशी बंदरे करून परतले ते मुरगावला नाही, पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणमला. १३ एप्रिल १९८४ रोजी ते त्या बंदरात शिरले आणि आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने अटकेत पडले. मालकाने हजर होऊन १४ लाख २५ हजार रुपयांची बँक गॅरंटी दिली, जहाज सुटले. इथपर्यंत सगळे रिवाजानुसार. रक्कम पाहिली तर हा दावा मध्यम आकाराचा, पाच ओळींच्या बातमीचाही नव्हे.

मालकाचा आक्षेप

मालकाच्या वकिलांनी मुद्दा काढला तो मालाबद्दलचा नव्हताच. ते म्हणाले, या न्यायालयाला हा दावा ऐकण्याचा अधिकारच नाही.

युक्तिवाद ऐकायला विचित्र वाटतो, पण बांधणी पक्की होती. भारतातल्या उच्च न्यायालयांची अ‍ॅडमिरल्टी, म्हणजे जहाजांविषयीची अधिकारिता, कुठून आली? १८९० च्या ‘कलोनियल कोर्ट्स ऑफ अ‍ॅडमिरल्टी’ कायद्यातून. त्याआधारे १८९१ च्या भारतीय कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन उच्च न्यायालयांना हा दर्जा दिला. आंध्रचे उच्च न्यायालय मद्रासच्या वारशातून आलेले, तेव्हा मद्रासला जितके मिळाले तितकेच आंध्रला. आणि मद्रासला किती मिळाले? १८९० साली इंग्लंडच्या न्यायालयाकडे जितके होते तितके. इंग्लंडच्या न्यायालयाकडे त्या साली काय होते ते १८४० आणि १८६१ च्या अ‍ॅडमिरल्टी कोर्ट कायद्यांत लिहिलेले आहे. आता १८६१ च्या कायद्याचे सहावे कलम पाहा. मालाच्या नुकसानीचा दावा ऐकता येईल, पण कोणत्या मालाच्या? इंग्लंड-वेल्सच्या बंदरात आणलेल्या मालाच्या. वसाहतीत वाचताना इंग्लंडच्या जागी भारत वाचा. हरवानचा माल भारतात आणलेला नव्हता, भारतातून नेलेला होता. म्हणून अटक बेकायदा, दावा फेटाळा.

हे कलम आयातीच्या मालापुरतेच का होते, हे समजायला फार कष्ट पडत नाहीत. एकोणिसाव्या शतकातले इंग्लंड जगभरचा माल आपल्या बंदरांत उतरवून घेत होते. परदेशी जहाजाने भिजलेला किंवा फुटलेला माल लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याच्या गळ्यात मारून पळ काढू नये, ही संसदेची चिंता होती. इंग्लंडबाहेर निघालेल्या मालाचे परक्या बंदरात काय झाले, ही त्या बंदरातल्या माणसाची डोकेदुखी. तेच कलम मुरगाव, मुंबई किंवा विशाखापट्टणमला लावले की त्याचा अर्थच फिरतो. ज्या किनाऱ्यावरून कच्चा माल बाहेर जातो, त्या किनाऱ्यावरच्या माल पाठवणाऱ्याला ते काहीच देत नाही. वसाहतीच्या कायद्यातली ही सोय कोणी कारस्थान करून घातली असे मी म्हणणार नाही. ज्याच्यासाठी कोट शिवला त्याच्या मापाचा तो होता, इतकेच.

गंमत पुढे आहे. इंग्लंडने स्वतः ही मर्यादा १९२० साली न्यायदानविषयक कायद्यात दुरुस्ती करून ओलांडली; जहाजातून मालाची ने-आण करण्याच्या करारावरचे दावे तिथल्या अ‍ॅडमिरल्टी न्यायालयाकडे आले. १९२५, १९५६, १९८१ असे करत त्यांची अधिकारिता रुंदावत गेली. पण कॅनडातून आलेल्या ‘युरी मारू’ या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींतली शेवटची अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या न्यायपीठाने, १९२७ साली सांगून टाकले होते की वसाहतींना १८९० ची मोजपट्टी मिळाली ती मिळाली. नंतर इंग्लंडने आपले अधिकार वाढवले म्हणून वसाहतींचे आपोआप वाढत नाहीत. म्हणजे लंडनमध्ये जे कलम अडगळीत गेले ते इकडे जिवंत. भारत १९४७ साली स्वतंत्र झाला, १९५० साली राज्यघटना आली, १९५८ साली स्वतःचा मर्चंट शिपिंग कायदा झाला, तरी कलकत्ता आणि मुंबईच्या निकालांतून १८९० ची रेघ पाळली जात होती. न्यायमूर्तींना ती आवडत होती असे नाही. काहींनी संसदेने लक्ष घालावे असेही सुचवले. पण रेघ ओलांडली नाही.

शेजारी पडलेले दुसरे पुस्तक

आता १९२५ चा भारतीय ‘कॅरेज ऑफ गुड्स बाय सी’ कायदा काढा. जहाजमालकाने माल कसा सांभाळावा, बिल ऑफ लेडिंग मागितल्यावर ते द्यावे, त्यात काय लिहावे, जबाबदारी किती, हे सगळे नियम त्यात आहेत. हे नियम कोणत्या मालाला? भारतातल्या बंदरातून दुसऱ्या कोणत्याही बंदराकडे निघालेल्या मालाला. म्हणजे निर्यातीला.

दोन कायदे समोरासमोर ठेवले की चित्र स्पष्ट होते. हक्क देणारा कायदा फक्त बाहेर जाणाऱ्या मालाचा, आणि जहाज अटकवू देणारा कायदा, मालकाच्या वाचनाप्रमाणे, फक्त आत येणाऱ्या मालाचा. हरवानला बिल मागण्याचा हक्क होता; जहाजाने तो तुडवला असेल तर जहाज धरण्याची सोय नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने नेमके या विसंगतीवर बोट ठेवले, आणि माझ्या मते निकालातला सर्वांत भक्कम भाग तोच आहे. घटनेवरची चर्चा जास्त उद्धृत होते, पण पाया इथे आहे. विधिमंडळाने निर्यातदाराला हक्क दिला तो शोभेला दिला असे कसे मानायचे?

निकाल

उच्च न्यायालयाने मालकाचा आक्षेप फेटाळला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात न्या. टी. के. थॉमन आणि न्या. आर. एम. सहाय यांच्यापुढे आले. (याच वर्षाच्या शेवटी मंडल प्रकरणाच्या नऊ जणांच्या पीठातही हे दोघे होते, आणि तिथे दोघेही अल्पमतात गेले. लोकांना १९९२ आठवते ते त्या निकालासाठी.)

थॉमन यांनी प्रश्नाची दिशाच बदलली. मालकाचे वकील विचारत होते की हा अधिकार कोणत्या कायद्याने दिला ते दाखवा. थॉमन यांनी विचारले, तो काढून घेतला कोणी? उच्च न्यायालये घटनेच्या २१५ व्या अनुच्छेदाप्रमाणे अभिलेख न्यायालये, म्हणजे ज्यांच्या नोंदी कायमचा पुरावा मानल्या जातात अशी, आहेत, वरिष्ठ आहेत, आपल्या अधिकाराची कक्षा ठरवण्याची ताकद त्यांच्यात मुळातच आहे. २२५ वा अनुच्छेद पूर्वीचे अधिकार चालू ठेवतो. त्याचा अर्थ पूर्वीच्या मर्यादा कायमच्या गोठवणे असा होत नाही. १८६१ आणि १८९० च्या कायद्यांनी काही गोष्टी स्पष्ट दिल्या, पण उरलेल्या सगळ्या हिरावल्या असे त्यांत कुठेही लिहिलेले नाही. सार्वभौम देशाच्या बंदरात स्वेच्छेने आलेले परदेशी जहाज त्या देशाच्या न्यायाधिकाराखाली येते. मर्चंट शिपिंग कायद्याच्या ४४३ आणि ४४४ या कलमांत नुकसान करणारे परदेशी जहाज रोखून ठेवण्याची तरतूद आहेच, मग संसदेला अशा अटकेचे वावडे होते असे म्हणता येत नाही.

मग अधिकाराची व्याप्ती किती? कायदा गप्प आहे, तेव्हा जगातली सागरी राष्ट्रे काय करतात ते पाहा. जहाज अटकेविषयीचा १९५२ चा ब्रुसेल्स करार भारताने मान्य केलेला नव्हता. तरी त्यातली तत्त्वे सागरी राष्ट्रांच्या समान रिवाजाचा भाग झालेली आहेत आणि भारतीय न्यायालये त्यांचा आधार घेऊ शकतात, असे निकाल म्हणतो. सहाय यांनी वेगळ्या मतातून सहमती दिली. त्यांचा सूर जास्त कडक आहे. स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षे हा विषय तसाच राहिला याबद्दलची नाराजी त्यांनी लपवलेली नाही.

हरवानने बाजी मारली. जहाज विशाखापट्टणमला येऊन आठ वर्षे झाली होती.

न्यायमूर्ती आणि अभ्यासक

या निकालात एक योगायोग आहे. केरळमधून आलेले थॉमन हे न्यायमूर्ती होण्याच्या कितीतरी आधी या विषयाचे संशोधक होते. सरकारी मालकीच्या व्यापारी जहाजांचे आंतरराष्ट्रीय कायद्यात स्थान काय, यावरचे त्यांचे पुस्तक १९६२ साली हेगहून निघाले होते. जहाजाविरुद्धच्या दाव्याचा इतिहास, युरोपातल्या आणि इंग्लंडमधल्या परंपरांतला फरक, १९५२ च्या करारामागची तडजोड, हे सगळे निकालात इतक्या सहज येते की वाचणाऱ्याला लगेच कळते, हा माणूस वकिलांच्या टिपणांवर अवलंबून नाही. दुसऱ्या पीठापुढे हेच प्रकरण कसे सुटले असते यावर पैज लावायची माझी तयारी नाही. प्रिव्ही कौन्सिलचा १९२७ चा निकाल आणि देशातले निकाल मालकाच्या बाजूला झुकलेले होते.

म्हणूनच मला या प्रकरणात विद्यापीठातल्या सागरी कायद्याच्या अभ्यासकाच्या रिकाम्या खुर्चीचा प्रश्न दिसतो. ओस्लोमध्ये सागरी कायद्याची संशोधन संस्था १९६३ पासून आहे, साउदॅम्प्टनला १९८२ पासून. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने माल्टात १९८८ साली खास या विषयाची शिक्षणसंस्था उभी केली. अशा ठिकाणी एखाद्या ज्येष्ठ संशोधकाचे काम असते ते हेच: जुना कायदा नव्या व्यवहाराला लागू होताना कुठे फाटतो ते आधी शोधायचे, त्यावर लिहायचे, आणि मसुदा करणाऱ्यांच्या हाती वेळेवर ठेवायचे. आपल्याकडे ज्ञान नव्हते असे मुळीच नाही. मुंबईच्या फोर्टातल्या आणि कलकत्त्यातल्या सॉलिसिटर पेढ्यांत ते भरपूर होते. पण पेढीतले ज्ञान अशिलाचे असते. १८६१ चे सहावे कलम आयातीपुरतेच आहे हे ज्याला पाठ होते, तो परदेशी जहाजमालकाचा वकील असेल तर ते जगजाहीर करून दुरुस्त करून घेण्याची त्याला गरज काय? निर्यातदाराचा वकील असेल तर अशिलाला सांगायचा, दावा लागत नाही, तडजोड करा. फाटलेली जागा दोघांनाही ठाऊक, आणि ती शिवण्याचे काम कोणाचेच नाही.

दुसरी अडचण विषयाच्या फाळणीची. समुद्राचा कायदा, म्हणजे प्रादेशिक पाणी, आर्थिक क्षेत्र, जहाज ज्याचे निशाण लावते तो देश, हे आपण आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्राध्यापकांकडे ठेवतो. जहाजांचा कायदा, म्हणजे भाडेकरार, बिल, विमा, अटक, हा व्यापारी कायद्याचा कोपरा. एलिझाबेथमध्ये दोन्ही एकाच जहाजावर होते. माल कोणाचा हा व्यापारी प्रश्न. परदेशी जहाजावर बंदराच्या देशाचा हात कितपत पोचतो हा समुद्राच्या कायद्याचा. निकालाला दुसऱ्याचाही खांब लागला. एकाच बाजूचा जाणकार यात अर्धवट पडला असता.

पुढे काय झाले, आणि काय बिघडले

निकालानंतर किनाऱ्यावरची उच्च न्यायालये मोकळी झाली. मुंबई उच्च न्यायालयात जहाज अटकेचे दावे हा नित्याचा व्यवहार झाला. पण न्यायालयाने उघडलेल्या दाराला चौकट नव्हती. कोणते उच्च न्यायालय हा अधिकार वापरू शकते? समुद्रकिनारा नसलेलेही? एका जहाजाच्या देण्यासाठी त्याच मालकाचे दुसरे जहाज केव्हा धरायचे? नाहक अटक झाली तर भरपाई कोण देणार? १९९२ चा निकाल यांपैकी बहुतेक प्रश्नांना स्पर्श करून पुढे जातो, आणि ते साहजिक आहे, कारण त्याच्यापुढे एकच जहाज होते.

आंतरराष्ट्रीय करारांबाबतची वाट मला थोडी निसरडी वाटते. १९५२ चा करार निदान अमलात तरी होता. २००३ साली ‘सी सक्सेस’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने थकलेला विम्याचा हप्ता हा जहाजाविरुद्धचा दावा होऊ शकतो असे ठरवताना १९९९ च्या अटक कराराचाही आधार चालेल असे म्हटले. भारत त्याचाही सदस्य नव्हता. शिवाय तो करार तेव्हा जगात कुठेच अमलात आलेला नव्हता. तो आला २०११ साली. निकाल न्याय्य वाटला तरी प्रश्न उरतो: संसदेने न स्वीकारलेला आणि इतर देशांतही सुरू न झालेला करार न्यायालयाच्या मार्गाने आपला कायदा होत असेल, तर जहाजमालकाने उद्याचा नियम कोणत्या पुस्तकात पाहायचा? एलिझाबेथने गरजेपोटी घेतलेली सवलत दहा-अकरा वर्षांत रीत झाली, याचे कारण संसद अजून आलेलीच नव्हती.

विधी आयोगाने १९९४ साली आपल्या १५१ व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. २००५ साली विधेयक आले आणि बारगळले. २०१६ च्या अखेरीस पुन्हा आले, २०१७ साली दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, आणि १ एप्रिल २०१८ पासून नवा अ‍ॅडमिरल्टी कायदा लागू झाला. निकालापासून २६ वर्षे. १८४०, १८६१, १८९० आणि १८९१ चे कायदे भारतापुरते त्या दिवशी संपले.

नव्या कायद्याच्या चौथ्या कलमात सागरी दाव्यांची यादी आहे आणि तिथे आत-बाहेरचा भेद उरलेला नाही. मालाचे नुकसान आणि वाहतुकीचा करार, एवढेच शब्द पुरतात. त्याच मालकाचे दुसरे जहाज धरण्याची सोय पाचव्या कलमात, नवव्यात कोणाचे देणे आधी फेडायचे त्याची उतरंड. तिथे खलाशांचा पगार सर्वांत वर आहे. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतली माणसे परदेशी निशाणाच्या जहाजांवर नोकरी करतात, त्यांच्या दृष्टीने या कायद्यातली सर्वांत कामाची ओळ हीच. अकराव्या कलमाने न्यायालयाला अटक मागणाऱ्याकडून नुकसानभरपाईची हमी घेता येते.

तेच जहाज आज सुटले तर

समजा असेच जहाज आज मुरगावहून बिल न देता निघाले आणि दोन महिन्यांनी विशाखापट्टणमला लागले. दावा चालेल का, हा वाद आता होणार नाही. पण कंपनीला तरीही पूर्व किनाराच गाठावा लागेल, कारण तिसऱ्या कलमाने प्रत्येक उच्च न्यायालयाला आपापल्या पाण्यापुरते ठेवले आहे. रातोरात जहाज ओडिशातल्या पारादीपला सरकले तर कागदपत्रे घेऊन कटकच्या उच्च न्यायालयात पळा. कायद्याने आठ उच्च न्यायालये नावाने मोजली, आणि त्यांत हैदराबादचे तेलंगण-आंध्रसाठीचे एकत्र न्यायालय होते. कायदा लागू होऊन नऊ महिने होतात न होतात तोच, १ जानेवारी २०१९ ला, त्या न्यायालयाची दोन न्यायालये झाली. किनारा सगळा आंध्रकडे, म्हणजे अमरावतीकडे गेला; तेलंगणच्या वाट्याला समुद्र आलाच नाही.

आणि १९२५ च्या पुस्तकाचे काय? २०२५ साली संसदेने जहाजवाहतुकीचे जुने कायदे एकामागून एक बदलले. १८५६ चा बिल ऑफ लेडिंग कायदा गेला, १९२५ चा मालवाहतूक कायदा गेला, १९५८ चा मर्चंट शिपिंग कायदा गेला. तीनही जागी नवे आले. नव्या मालवाहतूक कायद्याने परिशिष्टातले नियम बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला अधिसूचनेने दिला आहे. व्याप्ती मात्र तशीच ठेवली: भारतातल्या बंदरातून निघालेला माल. आयात होणाऱ्या मालाला हे नियम कायद्याने लागत नाहीत. तिथे बिलावर छापलेल्या अटी आणि माल जिथून चढला तिथला कायदा चालतो. हा नुसता तर्क नव्हे. आफ्रिकेतून कोचीनला आलेल्या कच्च्या काजूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितले होते की परदेशात चढवलेल्या मालाला भारतीय कायदा लागू होत नाही, आणि वाद इंग्लंडच्या न्यायालयात न्यायचा अशी बिलावर अट असेल तर ती पाळावी लागेल.

१९८४ साली निर्यातदाराकडे नियम होते, दरवाजा नव्हता. आज आयातदाराकडे दरवाजा आहे, आत गेल्यावर वाचायचे नियम मात्र बहुधा समोरच्या जहाज कंपनीनेच छापलेले असतात. २०२५ च्या विधेयकावर ही बाजू मांडायला संधी होती. विद्यापीठांतून असे काही सविस्तर टिपण समितीपुढे किंवा मंत्रालयात गेले असेल तर मला ते वाचायला आवडेल.